ईश्वर गजभियेचं फाउंडेशन इयर

ईश्वर गजभियेचं निम्मं आयुष्य पिवळ्या उजेडात गेलं. अमेरिकेत, चँडलर गावच्या ज्या कारखान्यात तो मशीनं दुरुस्त करायचा, तिथं कॉम्प्युटरच्या चिप छापायच्या विभागात पांढरा दिवा चालत नाही, माल खराब होतो. म्हणून बाहेर सकाळ असो की संध्याकाळ, आत सगळं मधासारखं पिवळं. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात; दिसायचे ते फक्त डोळे. धूळ नाही, वास नाही, पावलांचा आवाजसुद्धा नाही. शिफ्ट संपवून तो पार्किंगमध्ये आला की ॲरिझोनाचं ऊन अंगावर कोसळायचं, आणि आतलं ते स्वप्न होतं की बाहेरचं हे, हेच त्याला थोडा वेळ उमगायचं नाही.

माणूस कमी बोलणारा. नागपूरच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, हातात कसब, डोक्यात शांतता. मशीन बिघडलं की तो आधी त्याच्याजवळ नुसता उभा राही, मग एकेक शक्यता बाजूला सारत नेमक्या जागी बोट ठेवी. घरीही त्याचं तेच. बायको कांता काही बोलली, की वाक्य संपायच्या आत याचा उपाय तयार. मुलगी पायल दूर उत्तरेला, रेडमंडला नोकरीला गेली, तिकडच्या पावसानं कंटाळली आणि फोनवर तसं म्हणाली, तर यानं दुसऱ्या दिवशी तिला झगझगीत उजेडाचा टेबल लॅम्प पाठवून दिला. तिनं तो वापरला की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मग कंपनीनं जुन्या लोकांना लवकर निवृत्ती घ्यायला सुचवलं. जाण्याआधी प्रत्येकानं एका काउन्सेलरला भेटावं असा रिवाज होता. ईश्वर गेला तो केवळ सही करून परत यायचं म्हणून. छोटी खोली, दोन खुर्च्या, समोर पिकल्या केसांची एक बाई. तिनं विचारलं, "तुम्ही कसे आहात?" हा म्हणाला, "फाइन." ती काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली, त्या बघण्यात घाई नव्हती. ईश्वरला उठावंसं वाटेना. खिडकीबाहेर झाडाची सावली भिंतीवर हलत होती, ती तो पाहत बसला. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. निघाला तेव्हा छातीतलं काहीतरी सैल झालं होतं.

गाडीत बसल्यावर त्याच्या मनात आलं, या बाईनं केलं तरी काय? हत्यार नाही, औषध नाही, बोलणंही नाही. मग आतला नट फिरला कसा?

हा प्रश्न त्याला सोडेना. रिकामे दिवस सुरू झाले. दुपारी सोफ्यावर डोळा लागे आणि तोच पिवळा कॉरिडॉर दिसे, आता कुणीच नसलेला. जागा झाला की तो प्रश्न उशाशी बसलेला असे. शेवटी त्याला सापडलं, की जवळच्याच एका युनिव्हर्सिटीत फार वर्षांनी शिकायला परतणाऱ्या लोकांसाठी फाउंडेशन इयर आहे. वर्षभर पायाभरणी; ते पार पडलं की सायकॉलॉजी अँड काउन्सेलिंगच्या डिग्रीला प्रवेश. वयाची अट नाही, डिप्लोमावाल्यालाही मज्जाव नाही.

कांता हॉस्पिटलच्या लॅबमधल्या कामावरून नुकतीच आली होती. बूट काढता काढता तिनं ऐकलं.

"काऊन हो, घरी झोप येत नाही काय तुम्हाला?"

"येते. जरा जास्तच येते."

"आणि शिकून काय करणार? लोकांची दुःखं ऐकणार?" ती हसली. "माझं तर एक वाक्य पुरं ऐकत नाही तुम्ही."

तिनं चहा टाकला, आणि कप पुढं ठेवताना म्हणाली, "जा बाप्पा. करून पाहा."

वर्गात बहुतेक मुलं पायलपेक्षाही लहान. पहिले काही आठवडे ईश्वर वर्गात असा बसे, जणू दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात चुकून शिरलाय. स्मृती म्हणजे काय, लहान मूल आईचा चेहरा कसा ओळखतं, भीती शरीरात कुठं राहते, असे विषय निघत. तो घरी येऊन ते पुन्हा पुन्हा वाची. निबंध लिहायला त्रास झाला, कारण 'तुम्हाला काय वाटतं' असं त्याला आजवर कुणी कागदावर विचारलं नव्हतं. तरीही तो तगला.

अडला तो ऐकण्याच्या सरावात. तिथं जोडीनं बसायचं. एकानं आपली खरी, पण झेपेल एवढी गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं फक्त ऐकायची. ईश्वरची जोडीदार मारिसोल सकाळी वडिलांच्या टायरच्या दुकानात काम करून कॉलेजला येई. ती म्हणाली, "मी शिकतेय याचा बाबांना अभिमान आहे, पण मी घरात असले की ते माझ्याशी बोलायचे थांबतात." ईश्वर लगेच म्हणाला, "त्यांना रविवारी जेवायला बाहेर घेऊन जा."

शिकवणाऱ्या डॉक्टर इबारा शेजारीच उभ्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, आवाजात घसा बसल्यासारखी खरखर.

"ईश्वर," त्या म्हणाल्या, "मारिसोल मोडलेली आहे का?"

"नाही."

"मग दुरुस्त कशाला करताय?"

वर्ग हसला, मारिसोलही हसली. ईश्वरनं मान खाली घातली. पुढच्या खेपेलाही तेच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. ओठ मिटून बसला तरी त्याच्या कपाळावर उपाय उमटलेला दिसतो, असं मारिसोल म्हणायची.

वसंत सरत आला होता, दुपार तापायला लागली होती. त्या दिवशी बोलायची पाळी ईश्वरची होती. तो इंग्रजीत सुरू करी आणि थांबे. नोकरी, निवृत्ती, हवामान. शब्द बरोबर होते, पण त्यांत तो नव्हता. डॉक्टर इबारा खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात तुम्हाला?"

"मराठीत."

"मग त्या भाषेत बोला."

"पण मारिसोलला..."

"शब्द नाही कळणार. नको कळू देत."

ईश्वरनं मारिसोलकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती थोडी पुढं झुकली. एसीची घरघर चालू होती. पडद्यातून आलेल्या उन्हाची तिरीप जमिनीवर पसरली होती. ईश्वर बोलू लागला, आणि काय बोलायचं हे ठरवायच्या आतच त्याला आपला आवाज ऐकू आला.

"आमचं पहिलं पोरगं गेलं. मी इथं होतो, नवा नवा. कांता नागपूरला, माहेरी. बाळंतपण झालं की यायची होती. पोरगं झाल्याचा फोन आला, तेव्हा मी कँटीनमध्ये सगळ्यांना डोनट वाटले. आठवडाही धड जगलं नाही ते. कांता फोनवर एवढंच म्हणाली, मूठ फार घट्ट होती त्याची, उघडायचीच नाही. मी पाहिली नाही ती मूठ. नंतर कांता आली. एअरपोर्टवर मी तिला म्हणालो, झालं ते झालं, आता नवीन सुरुवात करू. ती हो म्हणाली. मग आम्ही कधी बोललोच नाही. पायलला ठाऊकसुद्धा नाही. कारखान्यात मी त्या पिवळ्या उजेडात उभा राहायचो ना, मला वाटायचं, इथंच कुठंतरी ती मूठ आहे. एवढीशी. सुटांच्या गर्दीत कुणाच्या तरी खांद्यावर."

तो थांबला. मारिसोल हलली नाही. तिचे डोळे भरले नव्हते, की तिनं मानही डोलावली नव्हती. ती फक्त तिथं होती, पुरी. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "तुम्ही एक शब्द परत परत म्हणत होतात. मूठ. तो म्हणजे काय?"

ईश्वरनं आपला हात उचलला आणि बोटं मिटून तिला दाखवली. मग त्या हाताकडं पाहता पाहता त्याला रडू फुटलं. भर वर्गात, सत्तावन्न वर्षांचा माणूस. कुणी पाणी आणायला धावलं नाही, कुणी पाठीवर थोपटलं नाही. रडणं आलं तसं वाहून गेलं. डॉक्टर इबारांनी फक्त पडदा थोडा ओढून घेतला, उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यांवर येत होती म्हणून.

शनिवारी सकाळी कांता ओट्याशी उभी राहून संत्री सोलत होती. ईश्वर येऊन टेबलाशी बसला.

"कांता, तो कसा दिसायचा?"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. कोण, असंही विचारलं नाही. तिच्या हातातली सुरी थांबली.

ईश्वरच्या मनात नेहमीप्रमाणे वाक्यं उभी राहिली. राहू दे, आठवलं की त्रास होतो. चल, बाहेर जाऊन येऊ. ती त्यानं तशीच जाऊ दिली. अंगणात कबुतरं घुमत होती.

"तुमच्यासारखे कान," कांता म्हणाली. "मोठे. माझी आई म्हणे, लांब कानाचा आहे, बुद्धाच्या मूर्तीसारखा, सगळ्यांचं ऐकेल." तिचा आवाज कोरडा होता. "मी त्याला सुगत म्हणत होती. मनातल्या मनात. नाव ठेवायला वेळच कुठं मिळाला."

"मला सांगितलं नाही कधी."

"तुम्ही नवीन सुरुवात करू म्हणाले." आता ती वळली. "मला राग आला होता तुमचा. फार वर्षं होता. मग त्याची सवय झाली, कळलंच नाही."

तो 'सॉरी' म्हणणार होता, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. तो थांबला. आणि खरंच, ती पुढं बोलू लागली. हॉस्पिटलची खिडकी, खालच्या रस्त्यावरचा कडुनिंब, दूध आटवायला दिलेल्या गोळ्या, इथं येताना विमानात शेजारच्या सीटवर असलेलं दुसऱ्याचं तान्हं. बोलता बोलता ती त्याच्यासमोर येऊन बसली. सोललेली संत्री ओट्यावर सुकून गेली. त्या सकाळी ईश्वरला वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या घरात राहतोय, त्यातली एक खोली आज पहिल्यांदा पाहतोय, आणि तिथं खिडक्या आहेत.

फाउंडेशन इयर तो पास झाला. फार चमकून नाही, निबंधांनी शेवटपर्यंत छळलं. आता तो डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रत्यक्ष काउन्सेलर व्हायला अजून पुष्कळ अवकाश आहे, तोपर्यंत साठी उलटेल. पण जिवलगाला गमावलेली माणसं दर आठवड्याला एका चर्चच्या हॉलमध्ये जमतात, तिथं तो खुर्च्या मांडतो, कॉफी करतो आणि मग त्यांच्यात बसतो. कुणी इंग्रजीत बोलतं, कुणी स्पॅनिशमध्ये. एक म्हातारे गृहस्थ कित्येक आठवडे येऊन बसायचे आणि उठून जायचे, अवाक्षर न काढता. ईश्वर त्यांच्या शेजारची खुर्ची घ्यायचा. पुढं एकदा ते आपल्या बायकोच्या गाण्याविषयी बोलले. तिचा आवाज बेसूर होता म्हणे, आणि ती रोज गायची.

डिसेंबरात पायल सुट्टीला आली. तिला सांगायचं, हे कांतानंच ठरवलं. जेवणाच्या टेबलावर, भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिनं सांगून टाकलं. पायल आधी आईकडं, मग बाबांकडं बघत राहिली.

"वेट. म्हणजे आय ॲम द यंगर वन?"

"हो," कांता म्हणाली.

"माय होल लाइफ तुम्ही मला एकुलती एक म्हणत होता!" पायल हसायला गेली आणि तिचा चेहरा वाकडा झाला. ती उठून आईच्या खुर्चीमागं गेली आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. ईश्वर आपल्या जागी बसून राहिला.

संध्याकाळी तिघं कालव्याच्या काठानं फिरायला गेले. ॲरिझोनात डिसेंबर म्हणजे हवाहवासा गारवा. पाण्यावर आकाशाचा जांभळा रंग उतरला होता, बदकं संथ चालली होती. मायलेकी हातात हात घालून पुढं झाल्या. पायल काही विचारत होती, कांता सांगत होती, आणि मध्येच दोघींपैकी कुणाचं तरी हसू ऐकू येत होतं. वारा समोरून वाहत होता, तरी शब्द विरून जात होते. ईश्वरपर्यंत पोचत होता तो नुसता आवाजाचा चढउतार. त्यानं पाऊल भराभर उचललं नाही. थोडं अंतर राखून, पाण्याकडं बघत, तो त्या दोघींच्या मागून चालत राहिला.