खांदशेकणी आणि एक घोटा

सोनाळ्याच्या शाळेत मी खेळाची मॅडम. मुलींना फुटबॉल शिकवते म्हटल्यावर गाव आधी हसलं. मग एक पोरगी नववीत आली आणि हसणारेच मैदानाच्या कडेला येऊन उभे राहू लागले. ती चेंडूमागे धावायचीच नाही. चेंडू जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभी असायची. तिला ते कोण सांगायचं, देव जाणे! कॉलेजात इतकी वर्षं खेळूनही मला ते कधी जमलं नाही. तिला पाहताना शिट्टी माझ्या तोंडातच राहायची, वाजवायचं भान उरायचं नाही.

जिल्ह्याच्या सेमीफायनलला तिचा उजवा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे आराम सांगितला. फायनल पाच दिवसांवर, बुलढाण्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जिंकलो तर अमरावती. आमची शाळा कधी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर टीम घेऊन मीही नाही. डॉक्टर काय, सगळ्यांनाच आराम सांगतात, असं मी स्वतःला पटवलं. ती लंगडत मैदानावर आली तेव्हा सगळ्या मुलींसमोर म्हणाले, “तुह्याबिगर ही टीम म्हणजे नुसते दहा खांब!” तिची मान ताठ झाली. काय छान बोलले मी, असं तेव्हा मला मोठ्या कौतुकाने वाटलं होतं.

अडसर होता तिच्या आईचा. ती खेळू देईना. म्हणून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी क्रेप बँडेज, दुखण्यावरचा स्प्रे आणि पाठ केलेलं भाषण घेऊन मी तिच्या घरी गेले.

आई गोठ्यात होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी चालली होती. वाटीत कोमट तूप-हळद, हातात पळसाचं पान. बैलाच्या खांद्यावरून ती ते पान सावकाश फिरवत होती. मी अकोल्यात वाढलेली. सजवलेले बैल मिरवताना पाहिलेले, हे कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावर तर साधा ओरखडाही दिसेना.

“याचा खांदा चांगला हाये की. मंग काऊन शेकता?” मी विचारलं.

तिने वळूनही पाहिलं नाही. “वर्षभर जू ठेवलं ना मॅडम त्याच्यावर. ज्यानं ठेवलं त्यानं एक दिवस हात लावून पाहावं, खाली काय हाये ते.” मग बैलाच्या कानाशी वाकून तिने त्याला पोळ्याच्या जेवणाला बोलावलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

तीच वाटी घेऊन ती ओसरीवर आली. लेक पोत्यावर पाय ठेवून बसली होती. घोटा कवठाएवढा सुजलेला. आईने नवं पान तुपात बुडवलं, घोट्यावर ठेवलं आणि त्यालाही तेच आवतन दिलं. लेक खुदकन हसली. मग आईने पान माझ्यापुढे धरलं. “घ्या मॅडम, तुमीबी शेका.”

मी खाली बसले. घोटा तापलेला होता, आत काहीतरी टकटक उडत होतं. आणि पाऊल केवढं लहान! माझ्या पंजात मावेल एवढं. एवढ्याशा पावलात ती सगळी करामत राहते कशी! दोन वर्षं मी हिला खेळवत होते आणि हा पाय मी आज पहिल्यांदा पाहत होते. स्प्रे पर्समधून बाहेर निघालाच नाही.

“परवा तू खेळायचं नाही,” मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. “तुमीच म्हनलं ना, माह्याबिगर दहा खांब?”

“खोटं बोलले मी.” तिच्यासमोर, तिच्या आईसमोर, गोठ्यातल्या बैलासमोरही मला शरम वाटली.

फायनल आम्ही एका गोलने हरलो. ती बाकावरून ओरडत होती, चेंडू कुठे येणार ते आधीच सांगत होती. दहा खांब जीव तोडून धावले. शेवटी तिचा आवाजच बसला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी झोपली. घाटात खड्डे फार. पाय आपटू नये म्हणून मी तो मांडीवर घेतला. पलीकडच्या सीटवरचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “काऊन वो, तुमी तं मॅडम ना? अन् पोरीचा पाय मांडीवर?”

“हाव,” मी म्हणाले आणि पुढचं वळण आलं तशी दोन्ही हातांनी घोटा धरून बसले.