मशीनचा विटाळ

मोठ्या प्रिंटरचं किरकिरणं ऐकून त्याचं दुखणं ओळखायला मी कुणालाही शिकवू शकते. कागद आत ओढताना चिवचिवलं तर रबरी रोलर गुळगुळीत झालाय. सलग, दात शिवशिवणारी शीळ आली तर ड्रमवर घासणारं ब्लेड कोरडं पडलंय. आणि रोलरच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘कुईं’ झालं तर कुठल्या तरी शाफ्टच्या टोकाचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, धरतोय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या सांगाड्याला टेकवायचं, मूठ कानाशी लावायची आणि सरकत जायचं. आवाज जिथं थेट डोक्यात शिरतो तिथं उघडायचं. यात बाई आणि पुरुष हा प्रश्न कुठून येतो, ते मला अजून समजलेलं नाही.

पण येतो. केजच्या स्टँडजवळ मी दुकान टाकलं तेव्हा लोक आत डोकावून विचारायचे, मिस्त्री कुठं गेलेत? मी म्हणायचे, जेवायला गेलेत, तोवर मशीन इथं ठेवा. मशीन दुरुस्त करून हातात दिलं की मगच सांगायचे की मिस्त्री मीच. चार माणसं चिडली, बाकीची परत आली.

आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसचं काम मला मिळालं, तिथून माझं बस्तान बसलं. एक मोठं मशीन होतं, छपाई, झेरॉक्स सगळं करणारं, कपाटाएवढं. उसाच्या नोंदी, सभासदांच्या नोटिसा, सगळं त्याच्यातून निघायचं. कारखान्याचं काम आहे म्हटल्यावर दूध संघाचं आलं, पतसंस्थेचं आलं. तिन्हीकडे संचालक तेच, फक्त खुर्च्या वेगळ्या. त्यामुळे एकीकडून काम सुटलं तर तिन्हीकडून सुटणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुकान त्या तिघांवरच उभं होतं. ते बंद पडलं तर मला दुसरं एकच काम येत होतं, ऊसतोडीचं. आईबरोबर फडात जाऊन लहानपणीच शिकलेलं.

माझे आईवडील दर दिवाळीनंतर युसूफ वडगावहून कोयता घेऊन निघायचे. मी दहावी झाले त्या वर्षी आईनं पिशवी काढून घेतली. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात आणि ती काढणं दात काढण्याइतकं साधं झालं होतं. पाळीच्या दिवसांत फडात उभं राहवत नाही, आणि मुकादमाला खाडा चालत नाही. डॉक्टर म्हणाले काढून टाका, काढून टाकली. तेव्हापासून ती वाकताना पोट धरायची, उठताना पोट धरायची. चाळिशीही गाठली नव्हती. मला आयटीआयला घालताना ती एवढंच म्हणाली होती, “मपल्या हातातला कोयता तुझ्या हातात न्हाई जायचा.”

आता दुष्काळाचं ते वर्ष. धरणात चिखल, गावात टँकर, ऊस उभ्या उभ्या वाळलेला. निम्मं गाव दसऱ्याच्या आधीच तोडीला परमुलखात निघून गेलं. कारखाना पुरता महिनाभर तरी चालेल का, याची कुणाला खात्री नव्हती. तरी बॉयलर पेटवायचा मुहूर्त निघाला, आणि खंडेनवमीला ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करायचं ठरलं. ऑफिसचे अधीक्षक देवभोळे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. यंदा देवाला जरा जास्तच मनापासून आळवलं पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

त्या सकाळी मी मशीन पुसायला, साफ करायला गेले होते. पोटात कळा येत होत्या. ऑफिसात चहा करणाऱ्या मावशींकडे मी हळूच पाळीच्या दुखण्यावरची गोळी मागितली. मावशींनी दिली, पण शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कचे कान तिखट होते. मी काम आटोपून पूजेआधीच निघाले.

दसरा झाला आणि मशीन किरकिरायला लागलं. ‘कुईं’ आणि मधूनच ‘टक्’. अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं. मी गेले. त्या वर्षी सगळ्याच गोष्टींचं खापर दुष्काळावर फुटायचं, मीही तेच केलं. पाण्याअभावी कूलर बंद, हवा कोरडी ठाक, खिडकीतून धूळ, कागदाचा भुसा. रोलरच कोरडे पडले असणार. मावशींनी पिण्याच्या माठातलं अर्धा पेला पाणी दिलं, त्यात फडकं भिजवून मी रोलर पुसले. आवाज थांबला. मी दुकानात पोहोचते न पोहोचते तोच फोन, पुन्हा सुरू झालाय. नंतर ड्रमचं ब्लेड बदललं. एक रोलरही बदलला. मशीन आपलं ‘कुईं’. मी पुरती खजील झाले होते आणि रागही येत होता, कारण आवाज ब्लेडचा नाही हे कान सांगत असताना मी त्याचं ऐकलं नव्हतं.

असा महिना गेला. मग एकदा अण्णांनी मला टेबलासमोर उभं केलं. बसा म्हणाले नाहीत. आवाज खाली आणून, जणू माझ्याच भल्यासाठी बोलत आहेत अशा सुरात म्हणाले, “बाई, ऱ्हाऊ द्या आता. औरंगाबादचा माणूस बोलावलाय. त्या दिवशी तुमी तसल्यात मशीनला हात लावला, तवापासून हे रडायलंय. देवाधर्माचं काम, तुमाला कळायला पायजे होतं.”

मागच्या टेबलांवरचे सगळे फायलींत डोकं खुपसून ऐकत होते. मी तोंडातून शब्द न काढता घरी आले. अजून आठवलं की अंगाची आग होते, ती त्यांच्या बोलण्यानं नाही, माझ्या गप्प राहण्यानं.

आई त्या वर्षी तोडीला गेली नव्हती, अंगात त्राणच नव्हतं. दुकानामागच्या खोलीत माझ्याबरोबर राहत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. “मी पाळीत ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या. त्यो ऊस असल्याच कारखान्यात गेला, त्याची साखर देवाला गेली. तवा कुनाला इटाळ झाला न्हाई. मशीनला कसा झाला गं? अन् तू कावून गप बसलीस?”

रात्रीच मी हत्यारांची पिशवी भरून दाराशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी हत्यारांची पिशवी घेऊन ऑफिसात शिरले. बघते तर अण्णा मशीनपुढे तांब्या घेऊन उभे. तांब्यात गोमूत्र. औरंगाबादचा माणूस यायच्या आत मशीनची शुद्धी करून घ्यायची होती, आणि मशीनचं पुढचं दार सताड उघडलेलं होतं. मी मधे जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे आत गेलं तर मशीन रडायचंही बंद होईल, कायमचं. ते म्हणाले, बाजूला व्हा, शिवू नका.

तेव्हा मी आवाज चढवला नाही. पण शेवटच्या टेबलापर्यंत जाईल एवढा ठेवला. “अण्णा, खंडेनवमीला माझी पाळी होती. महिना उलटलाय, म्हणजे आजही आहे. आता मी ह्याच हातांनी मशीन खोलते. आवाज थांबला नाही तर माझं काम काढून घ्या, मी पुन्हा ह्या पायऱ्या चढणार नाही.”

मावशींनी पुढे होऊन अण्णांच्या हातातला तांब्या घेतला आणि आत नेऊन ठेवला. अण्णांनी तो दिला, यातच मला अर्धं जिंकल्यासारखं वाटलं.

स्क्रूड्रायव्हर कानाला लावून मी मशीन चालवलं. ह्या वेळी कानाचंच ऐकायचं ठरवलं होतं. आवाज खालून नव्हता, ड्रमकडूनही नव्हता. पुढच्या दाराच्या आत, कागद सरळ करून पुढे सोडणारा जो शाफ्ट असतो, त्याच्या टोकाशी होता. तिथं मी आधी हात घातलाच नव्हता, कारण तिथं धूळ पोहोचत नाही. वीज बंद केली, कव्हर काढलं, शाफ्ट बाहेर घेतला. बुशावर लालसर थर चिकटलेला. पहिल्यांदा वाटलं गंज. बोट फिरवलं तर बोटाला रंग आला. वास घेतला. करडीचं तेल आणि कुंकू.

अण्णांनी पूजा बाहेरून केली नव्हती. पाऊस नाही, ऊस नाही, निदान यंत्राच्या पोटापर्यंत पूजा पोहोचावी म्हणून दार उघडून तेलात कालवलेलं कुंकू आत लावलं होतं आणि मूठभर अक्षता टाकल्या होत्या. तेल सुकून डिंकासारखं झालं आणि बुशाला धरून बसलं. म्हणून ‘कुईं’. शेजारच्या दातेरी चाकात तांदळाचा एक दाणा अडकला होता, तो ‘टक्’.

मी बुश घासून पुसला, ग्रीसचं बोट लावलं, चाकातला दाणा चिमट्यानं काढला, तळाशी सांडलेले बाकीचेही वेचले. सगळं बसवून मशीन सुरू केलं. कागद निघत राहिले आणि ऑफिसात इतकी शांतता झाली की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. मी अण्णांना हात पुढे करायला लावला आणि लाल तांदूळ त्यांच्या तळहातावर ठेवले. म्हटलं, हे तुमचे.

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी दाण्यांकडे बघितलं, देवाचं आहे, पायदळी यायला नको, असं पुटपुटत खिशात टाकले. मग खुर्चीत बसून औरंगाबादला फोन लावला आणि येऊ नका म्हणाले. माझी माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागितली जाईल म्हणून थांबले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. खंडेनवमीच्या आठवडाभर आधी अण्णांचा फोन आला. आडवळणानं, खोकत, विचारत होते की मशीन साफ करायला कोणता दिवस सोयीचा पडेल. मी म्हटलं, खंडेनवमीच, आणि मशीनची पूजाही मीच करणार, वरच्या वर, दार बंद ठेवून. पलीकडून पुन्हा खोकला आला. मग बरं म्हणाले.

मी गेले. मशीन पुसलं, मग बाहेरच्या पत्र्यावर बोटानं हळद-कुंकू लावलं, एक झेंडू ठेवला. सगळं ऑफिस बघत होतं. तोंडावर प्रश्न होता, विचारायची छाती कुणाची झाली नाही, आणि न विचारता सांगायला मी काही बांधील नव्हते.

आईला मात्र घरी गेल्या गेल्या सांगितलं, की होय, आजही पाळी होती. तिनं हातातला पिठाचा गोळा परातीत ठेवला. मग हसायला लागली, आणि पोट धरून हसली. किती तरी वर्षांनी तिचा हात हसण्यासाठी पोटाकडे गेला होता.