तीन राजे आणि कानातली कुडी

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ मला धुळ्याहून माहेरी, चाळीसगावजवळच्या आमच्या गावी घेऊन आला. तो जळगावला कॉलेजात शिकत होता. आईची समजूत काढून त्याने मला तिथे एक इंग्रजी सिनेमा दाखवला. घोडे, धूळ, पिस्तुलं आणि एक महाभित्रा जुगारी. त्याची जोडीदारीण समोरच्याच्या मागे उभी राहून पानं बघायची आणि हळूच टोपी सरळ करायची. भाषेचं एक अक्षर कळलं नाही, पण हसून हसून पोट दुखलं. शेवटी जिंकलेलं सोनं टाकून तो तिला सोडवायला परत आला, तेव्हा मी चक्क रडले.

घरी आलो तर ओसरीवर आमचे हे बसलेले. सासूबाईंनी मला न्यायला धाडलं होतं. मी चुलीपाशी जाऊन बसले. सासरी सगळ्यांचं उरकल्यावर गार भाकरी खायची. इथे आई तव्यावरची थेट ताटात टाकत होती. आणखी आठ दिवस मला ती हवी होती, इतकंच.

आखाजीला आमच्याकडे पत्त्यांना कुणाची ना नसते. म्हातारेकोतारेही डावाला बसतात. भावाने पैज लावली: चिंचोक्यांवर तीन पत्ती, तो जिंकला तर मी आठ दिवस राहणार. हे कबूल झाले. मग आत येऊन भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "पाव्हनानं पान भारी ऱ्हायनं ते कुडीले हात लाव. बठ्ठं मी दखी लिसू." म्हणजे यांची पानं भारी असली की मी खूण करायची, बाकी सगळं तो बघून घेणार.

लबाडीचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. पाण्याचा तांब्या घेऊन मी यांच्या मागे उभी राहिले. मी कुडी धरली की भाऊ पानं टाकून डाव सोडायचा. त्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग झाला. मग यांच्या हातात तीन राजे आले. मी कुडी धरली. भावाने ती पाहिली, मलाही पाहिलं, आणि अख्खा ढीग पुढे सरकवला. यांनी तो सगळा ओढून घेतला.

"हाई काय करं रे तू?" मी त्याला मागच्या दारी गाठून विचारलं. तो चपला शोधत राहिला.

दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्यावर यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला आणि हसत सुटले. "डाव मांडायच्या आधीच त्याने मला कुडीची खूण सांगितली होती, आणि शेवटी तो हरणार हेही. परीक्षा झाली की आपल्या दुकानात बसायचंय त्याला. डाव फक्त तुझं मन राखायला."

मी खिडकीकडे तोंड केलं. माझा सख्खा भाऊ! सिनेमातला तो लबाड जुगारी परवडला.

पावसाळ्यात भाऊ दुकानात रुजू झाला, राहायलाही आमच्याकडेच. दुपारी पुरुषांच्या पहिल्या पंगतीला बसायचा. तव्यावरची भाकरी मीच त्याच्या ताटात टाकायचे, आणि तो मान वर न करता खायचा.