पुतळाबाईचं समारंभपूर्वक स्थलांतर

नेरूळच्या सागरदीप सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर पेडणेकर यांनी उभ्या आयुष्यात कुणालाही न विचारता काही केलं असेल, तर ते फक्त शिंकणं. तेही ऑफिसात असले तर आधी इकडेतिकडे बघून. सरकारी खात्यात जन्म घालवल्यामुळे ‘विषय वर पाठवू’ हे वाक्य त्यांच्या तोंडात कायमचं बसलं होतं. बायकोने, सुमेधाबाईंनी, संध्याकाळी ‘भात टाकू की भाकरी?’ विचारलं, तरी ते ‘जाईला विचार’ म्हणत. मुलगी जाई लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा भात-भाकरीचा विषय बरेच दिवस प्रलंबित राहिला.

असा माणूस माशाच्या नादी लागला हेच नवल. त्यातून पेडणेकर मालवणचे. गोड्या पाण्यातल्या माशाला ते मासाच मानत नसत. पण बिल्डरने सोसायटीच्या मधोमध एक तळं दिलं होतं. जाहिरातीत त्याला इंग्रजीत ‘लेक’ म्हटलं होतं, प्रत्यक्षात ते बॅडमिंटनच्या कोर्टाएवढं डबकं होतं. त्यात कटला माशाची बोटभर पिल्लं सोडावीत असा समितीने ठराव केला. त्यातली तीन जगली. दोन बेताचीच वाढली, एक मादी मात्र कडेवरच्या पोराएवढी झाली. ती एका कोपऱ्यात तासन्‌तास स्तब्ध उभी असे, म्हणून पेडणेकरांनी तिचं नाव पुतळाबाई ठेवलं आणि समितीला माहितीसाठी कळवलं. जाई गेल्यापासून ऑफिसातून आले की शर्टही न बदलता ते तळ्याकाठी बसत आणि भिजवलेल्या कोंड्याचा गोळा तिला हाताने भरवत. सांगायला लाजत, पण त्या माशावर त्यांचा जीव होता.

सत्त्याण्णव साली तळ्याचं पाणी पंपरूममध्ये झिरपू लागलं. तळं बुजवायचं आणि मागच्या बाजूला नवं बांधायचं ठरलं. पेडणेकरांनी मत्स्य खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गाठून सगळं विचारून घेतलं. नव्या तळ्यात नळाचं पाणी भरून ते आठवडाभर उघडं ठेवलं, म्हणजे त्यातलं औषध उडून जावं. आदल्या दिवशी माशांना उपास. सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या चादरीच्या झोळीतून उचलायचे आणि लगेच सोडायचे. मोठा मासा तर मुळीच ताटकळत ठेवायचा नाही, असं त्या माणसाने दोनदा बजावलं होतं.

पण सोसायटीला चेअरमन होते आणि त्यांचं नाव बाजीराव निकम होतं. साताऱ्याकडचे, आवाज माइक न लागणारा.

“रिबन काय, कुणीबी कापतंय!” बाजीराव म्हणाले. “मासा सोडायचा नगरसेवकांच्या हातनं! पेपरात फोटो येतोय का नाय बघा.”

“साहेब, मग लहानातला एखादा ठेवूया का?”

“फोटोत दिसाया नको? त्यो मोठा ठेवा.”

त्या माणसाने दोनदा बजावलेलं पेडणेकरांना आठवलं. पण कार्यक्रमपत्रिका त्यांनीच टाइप केली: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, मत्स्यविसर्जन, आभार. ‘विसर्जन’ शब्द त्यांना अभद्र वाटला होता. तरी तो तसाच ठेवला.

रविवारी सकाळी दोन लहान मासे नव्या तळ्यात गेले, जरा बावरले आणि मजेत फिरू लागले. पुतळाबाईची रवानगी झोळीसकट मांडवातल्या निळ्या ड्रममध्ये झाली. ड्रमला सॅटिनचं कापड गुंडाळलं, वर झेंडूची माळ. नगरसेवक नऊला येणार होते. साडेनऊला फोन आला, ‘निघालेत.’ दहाला आला, ‘निघालेच आहेत.’ आपल्याकडे पाहुणा वेळेवर आला तर तो पाहुणा मोठा नाही असं धरतात, त्यामुळे मंडळी खुशीतच होती.

सुरुवातीला ड्रममधून धडधड आवाज येत होते आणि बायका हसत होत्या. पेडणेकर तांब्याने पाणी उंचावरून सोडत होते, तेवढीच हवा मिसळेल म्हणून. चेअरमनबाई जयमालावहिनी कुंकू आणि दूध ड्रममध्ये वाहायला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी हात जोडून दूध वाचवलं, म्हणजे मासा वाचवला. मग धडधड थांबली. मंडळींना वाटलं, मासा शहाणा झाला. पेडणेकर चेअरमनकडे धावले.

“साहेब, सोडूया का?”

“जरा दम धरा हो, पेडनेकर.”

ते खजिनदारांकडे गेले. खजिनदारांनी चेअरमनकडे बोट दाखवलं. शेवटी बायकोकडे आले. “सुमेधा, काय करू?”

“मला काय विचारताय? तिच्याकडे बघा ना!”

त्यांनी बघितलं. पुतळाबाईचं तोंड पाण्याबाहेर उघडमीट करत होतं. हळूच ती कुशीवर कलली आणि पोटाची पांढरी बाजू वर आली. पेडणेकरांनी मान वर केली. सगळा मांडव गेटकडे बघत होता.

“चादरीचं टोक धर,” ते बायकोला म्हणाले.

दोघांनी झोळी उचलली आणि मांडवातून पळत सुटले. खुर्च्या पडल्या, समई पडली. सफारी आणि बुटांसकट पेडणेकर कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पुतळाबाईला दोन्ही हातांवर सरळ धरून ते तिला पाण्यातून हळूहळू पुढे नेऊ लागले, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळावं. ती काही हलेना.

त्याच वेळी गेटवर फटाके वाजले. नगरसेवक आले.

“ह्ये काय चाललंय?” काठावर येऊन नगरसेवकांनी विचारलं.

“प्रात्यक्षिक, साहेब!” बाजीराव तत्परतेने म्हणाले.

“मग मी काय सोडू?”

बाजीराव वाकून दातांतल्या दातांत बोलले, “पेडनेकर, द्या त्यो मासा साहेबांच्या हातात. एकच फोटो. लगेच सोडत्यात ते.”

“नाही.”

“काय?”

“देणार नाही,” पेडणेकर म्हणाले आणि त्यांच्याकडे पाठ करून आणखी आत गेले.

बाजीरावांनी ड्रममधलं उरलेलं पाणी तरी नगरसेवकांच्या हस्ते तळ्यात ओतवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, सत्कारही झाला. आभार कुणी मानले नाहीत, कारण आभार मानणारा पाण्यात होता. भाषणाच्या मध्येच कधीतरी त्याच्या छातीवर शेपटीचा सणसणीत तडाखा बसला आणि पुतळाबाई हातातून निसटली. नगरसेवक भाषण थांबवून म्हणाले, “बघा, पायगुण लागतो!”

मंगळवारी स्थानिक पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, ‘माशाला जीवदान देताना नगरसेवक. मागे सोसायटीचा माळी.’

“माळी!” सुमेधाबाई खवळल्या. “अहो, खुलासा पाठवा त्यांना.”

“नाही पाठवत.” पेडणेकर जिना उतरून मागे गेले. पुतळाबाई दोन दिवस तळाशीच होती, काही खात नव्हती. आज ती काठाशी आली. एक कल्ला अजून लाल होता, पण तिने त्यांच्या हातातून खाल्लं. नगरसेवकांच्या नावाच्या नव्याकोऱ्या संगमरवरी पाटीला टेकून सागरदीप सोसायटीचे सेक्रेटरी भर आवारात ओक्साबोक्शी रडले.