राख शिवाच्या चुलीची

टण्ण आवाज झाला आणि रस्त्यापलीकडं शिवाच्या वेल्डिंगच्या दुकानात सगळे गप्प झाले. मी माझ्या दुकानाच्या शटरखाली बसून हसलो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकल्याचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो.

शिवाकडं नवं मशीन आहे, गिऱ्हाईक आहे, आणि दुपारी समोर बसून जेवायला वाढणारी बायको आहे. मशीनचं मला एवढं वाटत नाही.

थोड्या वेळानं दत्तू गिअरबॉक्स उचलून माझ्याकडं आला. माझं जुनं गिऱ्हाईक, पण आधी तिकडं गेला होता. ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरचा बिडाचा गिअरबॉक्स, बोल्ट बसतो तो कान तुटलेला.

"आलास व्हय? फिटली नव्या मशीनची हौस?"

"टोमणे मग मार की. ज्वारीची पेरणी तोंडावर हाय. नवा मिळंस्तवर वाफसा जाईल माझा."

"ठेव. आणि शिवाला ऐकू जाईल असं बोल, बाबू करतोय म्हणून."

साधं लोखंड वेल्डिंग करून सोडून दिलं तरी चालतं. बिडाचं तसं नाही. आधी सगळं तापवायचं, मग थोडं थोडं भरायचं, शेवटी गरम राखेत पुरून रातभर निवू द्यायचं. एकदम गार झालं की तडकतं. शिवाचं तेच झालं होतं.

मी तापवलं. निकेलच्या रॉडनं कान भरला. आणि सवयीनं मागं ओरडलो, "मंदे, राख आण!"

दत्तू खाली बघायला लागला. मंदा, माझी बायको, उन्हाळ्यातच वारली. तिच्या चुलीवर आता जुने टायर पडलेत. मी खानावळीत जेवतो.

गॅसची ज्योत दत्तूच्या हातात दिली. "फिरवत ऱ्हा, निवू देऊ नको," म्हणालो आणि रस्ता ओलांडला. शिवाची बायको दुकानामागं चुलीवर भाकरी थापत होती.

"सुनीता, घमेलंभर राख दे. गरम."

"देते की काका. मंदाकाकू काढायच्या तशी, निखाऱ्यासकट ना?"

मी मान हलवली.

"राख कशाला ओ काका?" शिवानं विचारलं.

"दात घासायला."

घमेलं सुनीतानंच आणून दिलं. मागोमाग शिवा आला, आणि मी गिअरबॉक्स राखेत कसा पुरतो ते सगळं बघून गेला.

सकाळी उकरून काढलं. कान पक्का बसला होता. दत्तूची पेरणी वेळेत झाली.

आता बिडाची कामंही शिवाकडं जातात. बीड जोडायचं तर घरात पेटती चूल लागते. त्याची पेटती आहे.