उभ्यानं जागा कळत नाही

कुठल्याही नव्या जागी गेले की ते आधी चपला काढायचे आणि सरळ जमिनीवर बसायचे. सोसायटीचं आवार असो, शाळेचं मैदान असो, नाहीतर कुणी गेलेल्या घराचं अंगण. मांडी घालून उजवा तळवा जमिनीवर टेकवायचा आणि डोळे मिटायचे. बाकीचे ताटकळत उभे. मग म्हणायचे, "उभ्यानं जागा कळत नाही, शेठ. बसून बघा."

भाईंदर पश्चिमेला त्यांचा मंडपाचा धंदा होता, आळीत सगळे त्यांना काका म्हणायचे. तुम्हीही अशा एखाद्या माणसाच्या मंडपात जेवला असाल आणि त्याचा चेहरा तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतो, कारण मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं घासाघीस केली. केबिन रोडवर माझं भांड्यांचं दुकान आहे. फुटपाथवर चादर पसरून सुरुवात केली, कुणाकडून एक पातेलंसुद्धा फुकट घेतलं नाही. भाव पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही. मंडप ठरवताना मी आवाज चढवायचो आणि ते खाली बसलेले असायचे. बसलेल्या माणसाशी भांडता येत नाही. उभं राहून ओरडणारा आपणच वेडा दिसतो.

त्यांचं दर वेळी बरोबर यायचं असंही नाही. एकदा आमच्या सोसायटीच्या पूजेला ते डोळे मिटून बसले ते थेट मुंगळ्यांवर. तरी लगेच उठले नाहीत. पाय खाजवत म्हणाले, "जागा जिवंत आहे."

दर थंडीत ते मंडपाचं जुनं कापड आणि बांबू घेऊन मनोरच्या पुढे नदीकाठी मुक्कामाला जायचे. सोबत घरची माणसं आणि आळीतली पोरं. माझा निलेशही लहानपणी जायचा. मला दुकान बंद ठेवून जमायचं नाही. परत आला की त्याच्या कपड्यांना धुराचा वास यायचा आणि तोंडात फक्त नदी असायची.

तोच निलेश मोठा होऊन घर सोडून गेला. दुकान कसं चालवायचं यावरून आमचं वाजलं. गिऱ्हाइकांसमोर तो मला बोलला, मी त्याला बोललो. बायकोला घेऊन तो बेव्हर्ली पार्कला भाड्यानं राहायला गेला. गाव एकच, रिक्षानं जाण्याएवढं अंतर, पण वर्ष उलटलं तरी त्यानं माझ्या घराचा उंबरा ओलांडला नाही. माझ्या बायकोनं रडून-भेकून त्याला नाताळच्या सुट्टीत एकत्र कुठंतरी जायला तयार केलं. त्याची अट एकच होती, "रिसॉर्ट नको. काकांच्या नदीवर जाणार असाल तर येतो."

बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "हा शेवटचा चान्स आहे. या वेळी बिघडवलंत तर मी पण बॅग भरून त्याच्याकडे जातेय. मग बसा टोप मोजत."

मी काकांकडे गेलो. धंदा त्यांनी तेव्हा पोराकडे सोपवला होता. विचारलं, "जागा माहीत आहे ना अजून?"

"डोळे बांधून नेतो, शेठ."

माझी जी तक्रार आहे ती या वाक्याबद्दल आहे.

गाडी निलेश चालवत होता. काका पुढे, आम्ही तिघं मागे. हायवे सोडल्यावर त्यांनी एक वळण दाखवलं, मग म्हणाले, "हे नाही, पुढचं." पुढच्या वळणावर जिथं आंबा असायला हवा होता तिथं कंपाउंडची भिंत होती. त्याच्या पुढच्या काठावर रिसॉर्ट झालेलं, स्पीकर नदीकडे तोंड करून वाजत होते. प्रत्येक ठिकाणी काका उतरायचे, बसायचे, तळवा टेकायचे. "नाही. इथं नाही." दुपार कलली तरी आमचं चाललेलंच.

मग एक करंजाचं झाड सापडलं. खाली सपाट जागा, समोर पाणी. शेताची मालकीण डोक्यावर हंडा घेऊन आली आणि तिनं मुक्कामाचे पैसे सांगितले. मी माझ्या पद्धतीनं बोललो, सरपण आणि पाणी त्यातच धर म्हटलं. ती म्हणाली, "न्हाय जमायचं." मी म्हटलं, "चला रे, बसा गाडीत," आणि चालायला लागलो. केबिन रोडवर असं चालायला लागलं की मागून हाक येतेच, "अरे सेठ, आओ ना." मी हळू चाललो. हाक आली नाही. वळून पाहिलं तर बाई बांधावरून निघून गेली होती.

काका म्हणाले, "तिला काय माहीत तुमचं केबिन रोड?"

निलेश तिच्या मागे पळाला. तो तिला गाठेपर्यंत दुसऱ्या एका जीपमधल्या लोकांनी झाडाखाली चटई अंथरली होती. तो परत आला आणि गाडीचं दार आपटून म्हणाला, "पप्पा, तुम्हाला नदीपण घाऊक भावात पाहिजे."

बायकोची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

सून मोबाइलवर हॉटेलं बघत होती. "मम्मी, सगळं फुल आहे." निलेश आरशात बघून म्हणाला, "अंधाराच्या आत नाही मिळालं तर आम्ही परत निघतोय. तुम्हाला घरी सोडतो." घरी सोडतो म्हणजे खाली गेटवर, हे मला कळत होतं. मी, ज्यानं आयुष्यात कुणापुढे हात जोडले नाहीत, झोपडी दिसेल तिथं उतरून विचारत सुटलो. "कुठंही चालेल, दादा. सांगाल ते देतो." एकानं बिबट्याची भीती घातली. दुसऱ्यानं नुसतं दार लावून घेतलं. ऊन पिवळं झालं, मग तांबडं.

शेवटी माझा ताबा सुटला. "काका, खरं सांगा. तुम्हाला आठवत नाहीये ना?"

"इथंच होती, शेठ," ते एवढंच म्हणाले. मग उतरून झुडपांत शिरले आणि बसले. या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. तळवा टेकला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवरच राहिले.

जागा भिकार होती. खाली दगड, बाजूला बाभळी, मागे मोडकं पंपघर आणि नदी म्हणजे खाली दिसणारी एक मळकी पट्टी. काका म्हणाले, "इथंच."

मी तोंड उघडलं, पण निलेश माझ्या आधी बोलला. "हो काका. हीच जागा. मला आठवतेय."

तो खोटं बोलत होता. "खरेदीचाच भाव लावलाय" असं सांगताना माझा चेहरा जसा होतो, तसाच त्याचा झाला होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हीच," मी म्हटलं.

कापड बांधायला घेतलं तेव्हा काकांचे हात आपोआप चालायला लागले. त्यांना जागा आठवत नव्हती, गाठी आठवत होत्या. निलेशला त्यांनी सुतळी दिली, मला दोर. "शेठ, तुम्ही ओढून धरा. तो गाठ मारेपर्यंत सोडायचं नाही." माझे तळवे सोलवटले. निलेश म्हणाला, "झालं, सोडा आता," तरी मी थोडा वेळ सोडला नाही. त्या दगडांवर झोप लागली ती फक्त काकांना.

निलेश काही घरी राहायला आला नाही. पण मधूनमधून रविवारी दुकानात यायला लागला. उभ्याउभ्या चहा पितो आणि जातो. काका नंतर माणसंही विसरले. मला बघून विचारायचे, "कुणाकडचं कार्य?" त्यांना विचारायचं राहून गेलं, की जागा हरवलीय हे त्यांना सकाळीच ठाऊक होतं का. असेल तर त्यांनी मला फसवलं. मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. पोरानं तोवर बांबू विकून टाकले होते. त्यांच्या दारात परक्या माणसाचा मंडप, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला, मधोमध पोटासारखा लोंबत होता. मी त्या माणसाला भर अंगणात झापायला लागलो. तेवढ्यात निलेश आला. काही न बोलता त्यानं घरातून सुतळी मागून आणली. मी दोर ओढून धरला, त्यानं गाठ मारली. कापड ताठ झालं.

मग मी चपला काढल्या आणि खाली बसलो. फरशी गार होती. निलेश घड्याळ बघत थोडा वेळ उभा राहिला. मग तोही बसला.