पायरीला लागलेलं पाणी

आज कुडपणच्या गुरुजींचा जुना लॅपटॉप रॅम वाढवायला पुन्हा दुकानात आला. मागचं झाकण उघडलं आणि हात थांबला. आत मीच चिकटवलेली चिठ्ठी होती, ‘बायोस अपडेट केला’. ओल्या बोटांनी शाई फिसकटलेली.

कितीतरी पावसाळ्यांपूर्वीची ती दुपार. नवीन एसएसडी डिस्क बसवली होती, पण जुना बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम, तिला ओळखत नव्हता, म्हणून अपडेट लावला. बॅटरी मेलेली, लॅपटॉप थेट विजेवर. मधेच वीज गेली असती तर मदरबोर्ड कायमचा गेला असता.

महाडच्या आमच्या बाजारात नदीचं पाणी पायरीला लागलं की आधी मेन स्विच पाडतात, मग माल माळ्यावर चढवतात. शेजारचे कापडवाले काका माझं शटर धरून उभे राहिले.

“मेन पाड रे. पाणी पायरीला लागलंय.”

“काका, तीसच टक्के राहिलेत.”

“पाणी थांबणार हाय काय तुझ्यासाठी?”

स्क्रीनवर लिहिलं होतं, बंद करू नका. मी तिचं ऐकलं. गढूळ पाणी आत आलं, चपला तरंगायला लागल्या. काका मला सोडून गेले नाहीत. शंभर टक्के झाल्यावर मेन पाडला आणि खाली पाहिलं. विटेवर ठेवलेला, मघापर्यंत करंट असलेला एक्स्टेंशन बोर्ड पाण्याच्या जेमतेम बोटभर वर होता.

लॅपटॉप वाचवला, हे मी कित्येक वर्षं फुशारकीने सांगत आलो. आज त्या टक्क्यांची फुशारकी वाटली नाही. आठवला तो बाहेर पोटरीभर पाण्यात उभ्या काकांचा हात, माझ्या ओल्या लोखंडी शटरवर.